मदत हवी आहे: नऊ माणसं, एकच संडास-बाथरूम आणि सकाळच्या शाळा

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीत राहतो. जुनी इमारत, तिसरा मजला, हॉल-किचन आणि दोन बेडरूम. घरात सासू-सासरे, मोठे दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची लेक. संडास-बाथरूम एकत्र आणि एकच.

पुतणी दहावीला आहे, तिची शाळा ७.१० ला भरते. पुतण्या सातवीत, त्याची बस ६.४० ला कोपऱ्यावर येते. दीर आणि माझा नवरा दोघांनाही सव्वासातपर्यंत स्टेशन गाठायचं असतं. सासूबाई आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावत नाहीत आणि डबे त्यांच्या नि जाऊबाईंच्या हातचे, म्हणून त्या दोघी साडेपाचच्या आत उरकून घेतात. माझं ऑफिस दुपारचं. लेक तिसरीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत निघाला, त्यानंतर तिची शाळा नऊची झाली. म्हणजे आम्ही दोघी या गर्दीतून सुटलो. तरी साडेपाच ते सात या दीड तासात चार माणसांचं सगळं व्हायचं असतं, आणि पाचवे सासरे.

खरं तर त्यांच्यासाठीच लिहितेय. वय ७६, मधुमेह आहे, प्रोस्टेटची गोळी चालू आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून ते खांद्यावर पंचा टाकून पॅसेजमधल्या स्टुलावर बसून राहतात. कुणी म्हटलं, "बाबा, तुम्ही जाऊन या आधी," तर उत्तर ठरलेलं: "पोरांचं होऊ दे, मला कुठे गाडी पकडायचीय?" रोज रात्री मी त्यांच्या उशाशी तांब्या-भांडं ठेवते. मागच्या आठवड्यात सलग चार दिवस सकाळी तांब्या काठोकाठ भरलेला मिळाला. जाऊबाईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पाणी प्यायलं की नेमकं सहाच्या सुमाराला दोनदा जावं लागतं. पोरीचं दहावीचं वर्ष आहे." मे महिन्यात त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की पाणी कमी करू नका, लघवी तुंबवू नका. त्या दिवसापासून मला चैन नाही. पुतणीचंही तेच. घरी पोट साफ न होताच ती शाळेत जाते, आणि पाळीच्या दिवसांत तर बाहेरून कडी वाजली की रडकुंडीला येते.

जमेल ते केलंय. बेसिन बाहेर पॅसेजमध्ये घेतलं, त्यामुळे दात घासणं, दाढी, वेणी-फणी बाहेर होते. याचा खूप फायदा झाला, ज्यांचं बेसिन आत आहे त्यांनी आधी हेच करावं. दप्तरं आणि गणवेश रात्रीच काढून ठेवतो. पुतण्या रात्री आंघोळ करून झोपतो. सासूबाईंना ते पटत नव्हतं, पण नातवासाठी त्यांनी मान्य केलं.

आता गिझर. आमचा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. एकदा तापला की गार पाणी मिसळून जेमतेम दोन बादल्या होतात, पुन्हा तापायला वीस मिनिटं, थंडीत जास्तच. तिसऱ्या माणसाला पाण्याची वाट बघत आतच थांबावं लागतं, आणि ते आत असेपर्यंत संडासही अडकतो. ३ किलोवॅटचा इन्स्टंट घ्यायचा विचार केला, पण त्यातून मिनिटाला दोन-सव्वादोन लिटरच कोमट पाणी येणार, म्हणजे बादलीला सात मिनिटं. २५ लिटरचा साठवणीचा बरा पडेल का? गॅस गिझर कृपया सुचवू नका. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावतात, तो धोका आम्हाला पत्करायचा नाही.

मला वाटतं, आंघोळ आणि संडास वेगळे झाले तरच हे सुटेल. दोन मार्ग दिसतात. आमच्या किचनमध्ये पूर्वी मोरी होती. ट्रॉल्या बसवताना आम्ही ती काढली आणि तिथे वॉशिंग मशीन ठेवलं. त्याचं आज फार वाईट वाटतं. नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जायचं जमिनीतलं तोंड, अजून मशीनखाली आहे. मशीन बाल्कनीत हलवून तिथे तीन बाय तीनची मोरी परत बांधावी, दार आणि नळ बसवावा, म्हणजे मुलांच्या आणि पुरुषांच्या आंघोळी तिकडे होतील. खालच्या मजल्यावरही त्या जागी मोरीच आहे, त्यामुळे नवीन काही होणार नाही, पण वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही तर गळती त्यांच्या घरात. दुसरा मार्ग म्हणजे आहे त्याच बाथरूमचे दोन भाग करणं. आत ७ फूट लांब, ४ फूट रुंद आहे आणि लांब बाजू पॅसेजला लागून आहे. मिस्त्री म्हणतो, मधे ॲल्युमिनियमचं पार्टिशन घालू आणि पॅसेजमधून दुसरं दार फोडू. त्या भिंतीला हात लावायचा तर सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला हवाच, ते आम्ही घेऊ. पण साडेतीन फुटांत कमोडवर बसून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येतं का? बाजूला धरायला दांडा बसवायचाय.

जुन्या इमारतीत यातलं काही केलं असेल तर खर्च किती आला, काम किती दिवस चाललं, आणि तेवढ्या दिवसांत तुमची संडासाची सोय कुठे केली, ते सांगाल का? काम दिवाळीच्या सुट्टीतच काढता येईल.

तोवर एक तातडीचं. सासऱ्यांसाठी खोलीतच युरिनल पॉट ठेवावा असं मला वाटतं, पण नुसता विषय काढला तरी ते उठून गॅलरीत जातात. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांशी हे कुणी बोललं, मुलगा की सून, आणि सुरुवात कशी केली?