मदत हवी आहे: ट्रॅक्टर माझा, पण बिघाड वाचायचा लॅपटॉप डीलरचा. वाफसा चाललाय, लवकर सांगा

राम राम मंडळी,

घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माढा तालुक्यात (जि. सोलापूर) अकरा एकर शेती आहे. २०२३ च्या पाडव्याला ५५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला, ९ लाख ४० हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यावरून धागा भलतीकडे जातो. त्याच वर्षी १ जानेवारीपासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागले (ट्रेम स्टेज ४), त्यामुळे याला जुना पंप नाही. कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल पुरवणारी सामाईक नळी), ईसीएम (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), सेन्सर, सगळं कारसारखं. सेल्समनने हे कौतुकाने सांगितलं होतं. डिझेल कमी खातो, हेही खरं.

गेल्या गुरुवारी ज्वारीच्या रानात पाळी घालताना पिवळा दिवा लागला आणि ट्रॅक्टरने दम टाकला. १४०० च्या वर आरपीएम जाईना. बंद करून परत चालू केला की पाच-दहा मिनिटं नीट चालतो, लोड आला की पुन्हा तेच.

गावात मेस्त्री आहेत. वडिलांच्या ३५ एचपीचं इंजिन त्यांनी चिंचेखाली दोनदा उतरवून भरलंय. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "पोरा, याचं दुखणं आवाजावरून कळत नाही."

डीलरचा माणूस दोन दिवसांनी आला. यायचे २,५०० रुपये घेतले, पावती नाही. लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि सांगितलं, चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) गेले. डिझेलमध्ये पाणी होतं म्हणून वॉरंटीत बसत नाही. खर्च १ लाख १८ हजार. मी म्हटलं, इंजेक्टर काढून सोलापुरात पंप-नोझलवाल्याकडून तपासून आणतो. तर म्हणाला, बाहेर उघडलं की वॉरंटी रद्द, आणि नवा बसवला तरी त्याचा कोड ईसीएममध्ये आमच्याच सॉफ्टवेअरने भरावा लागतो. बरं, स्क्रीनवर काय आलंय ते कागदावर तरी द्या. तेही देता येत नाही म्हणे. निदान निदान तरी सांगा की!

तो ओट्यावर चहाला बसला तेव्हा मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. चोरी म्हणायची तर म्हणा. फोटोत एवढंच दिसतंय: एसपीएन १५७, एफएमआय १८.

हे आकडे कुणाला वाचता येतात का? दुसरं, सरकारने दोन-तीन वर्षांपूर्वी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) म्हणून काहीतरी आणलं होतं, त्यात ट्रॅक्टर येतो का? आणि मी शेजाऱ्यांची पेरणी, रोटर भाड्याने करून देतो. चालवतो मीच, ड्रायव्हर नाही. पुतण्या म्हणतो, काका, तुम्ही धंदा करता, तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. खरं का?

वाफसा आठवडाभर टिकला तर टिकला. भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, सगळ्यांचीच पेरणी एकदम आलीय.

जुना पाना
तुम्ही फोटो काढलात हे फार बरं केलंत. हे आकडे कुठल्या एका कंपनीचं गुपित नाहीत. एसएई जे१९३९ नावाच्या मानकातले आहेत. ट्रक, जेसीबी, जनरेटर सगळीकडे तेच. एसपीएन म्हणजे दुखणं कुठे, एफएमआय म्हणजे कसलं. १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब. १८ म्हणजे दाब हवा त्यापेक्षा कमी आहे आणि सेन्सर खरं सांगतोय. वायर किंवा कपलरचा दोष असता तर सहसा १८ च्या जागी ३ किंवा ४ दिसला असता. आणि डिझेलमध्ये पाणी आलं की त्याचा आकडा वेगळा असतो, ९७. तो तुम्ही लिहिलेला नाही.

डीलर खोटंच बोलतोय असं मात्र म्हणता येणार नाही. इंजेक्टर आतून गळत असले तरी दाब पडतो. पण सुरुवात तिथून करत नाहीत, टाकीपासून करतात. वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी वाटी) असतो, त्याच्याखालचा स्क्रू ढिला करून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसेल. दोन्ही फिल्टर बदला. मग टाकी ते फिल्टर या मधल्या रबरी नळ्या आणि क्लिपा बोटाने चाचपून बघा. लोडवर दम टाकतो आणि बंद करून सोडला की सावरतो, हे लक्षण मला तरी फिल्टर तुंबल्याचं किंवा नळीतून हवा ओढल्याचं वाटतं.

तेवढ्याने नाही भागलं तर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची चाचणी. मेस्त्री करतील, लॅपटॉप लागत नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवायचं. जी बाटली लवकर भरते, तो इंजेक्टर संशयित. चारही एकाच दिवशी जाणं अवघड आहे.

आता महत्त्वाचं. जुन्या इंजिनात मिस कुठे आहे (कुठला सिलिंडर पेटत नाही) ते बघायला आपण चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करायचो. इथे ते अजिबात करू नका. दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात कापायची वेळ येते. मेस्त्रींना वाचून दाखवा. रिटर्नच्या नळ्या काढतानाही आधी इंजिन बंद, दहा मिनिटं थांबा, मग हात लावा.

ऑनलाइन पाचशे रुपयांना मिळणारं ब्लूटूथ स्कॅनर घेऊ नका. त्याला कारची भाषा येते, ट्रॅक्टरची नाही.

बांधावरून
एवढं इलेक्ट्रॉनिक घ्यायचंच कशाला? आमचा १९९४ चा अजून बांगडीसारखा वाजतो.

धागाकर्ता
तुमचा विकायचा असेल तर कळवा. तोवर फिल्टर आणायला टेंभुर्णीला निघालोय.

तालुका कोर्ट
पुतण्याला सांगा, घाई करू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यापारी कारणासाठी' घेतलेली वस्तू वगळली आहे हे बरोबर, पण त्याच कलमात खुलासा आहे: फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन वापरलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात यावर रिक्षा-टॅक्सीची उदाहरणं दिली आहेत. स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक, दुसऱ्याच्या हाती देऊन नुसता धंदा करणारा नव्हे. तुम्ही स्वतः चालवता हे तक्रारीत ठळक लिहा. शेतकरी ग्राहक आहे हे २०१२ च्या नॅशनल सीड्सच्या निकालातही आलंय.

राइट टू रिपेअरबद्दल मात्र निराशा करतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या यादीत शेती अवजारं होती, सोबत मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने सॉफ्टवेअर दिलंच पाहिजे असं सांगणारं कलम आज तुमच्या हातात नाही.

वॉरंटीच्या धमकीला उत्तर म्हणून स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश दाखवता येतो. १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड झाला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करा, असंही त्यात होतं. आदेश कारचा आहे आणि पुढे अपिलात गेला, त्यामुळे तो ट्रॅक्टरला जसाच्या तसा लागू होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण डीलरला लिहिलेल्या पत्रात तो शोभून दिसतो.

तुमची खरी पकड त्या २,५०० रुपयांवर आहे. सेवेची पावती न देणं ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी ईमेलवर पावती, लेखी निदान आणि 'वॉरंटीत बसत नाही' याचं कारण मागा. उत्तर नाही आलं तर १९१५ ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन, मराठीत बोलता येतं. त्यानंतर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, आणि तुमच्या किमतीच्या वस्तूला फी २०० रुपये. मुदत दोन वर्षं.

मक्याच्या मुलखातून
अमेरिकेत आयोवात नोकरी करतो. इकडेही अगदी हेच रडगाणं आहे, फक्त ट्रॅक्टर चौपट मोठे. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा लागू आहे: मॅन्युअल, सुटे भाग, सॉफ्टवेअर शेतकऱ्याला द्यावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये तर केंद्राच्या व्यापार आयोगाने (एफटीसी) दोन राज्यांना सोबत घेऊन जॉन डीअरवर खटला भरला, दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडेच ठेवता म्हणून. तुमच्या वाफशाला याचा काही उपयोग नाही, माहितीसाठी लिहिलं.

धागाकर्ता
अपडेट देतो.

बाटलीत पाणी नाही निघालं. फिल्टर काळा होता, बदलला, थोडाच फरक पडला. मग टाकीखाली हात घातला तर क्लिपेच्या मागे नळी उंदराने कुरतडलेली. डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, पण लोडवर हवा ओढत असणार. नळी १४० रुपयांची. आता आरपीएम पूर्ण चढतात, दिवा दुसऱ्या दिवशी आपोआप विझला. काल रात्री अकरापर्यंत पेरलं, साडेतीन एकर राहिलंय.

मेस्त्रींनी हौसेने बाटल्यांची चाचणीही केली (नटाला हात लावला नाही, 'जुना पाना' यांना सांगा). तीन बाटल्या सारख्या, तिसऱ्या नंबरची दीडपट. म्हणजे एक इंजेक्टर मंदावलाय, चार नाही.

डीलरला ईमेल टाकला. अर्ध्या तासात फोन आला, पावती पाठवतो म्हणाले, लेखी निदानाचं मात्र "साहेबांना विचारून सांगतो." चार दिवस झाले, साहेब सापडलेले नाहीत. उद्या १९१५ लावतो.

तो एक इंजेक्टर पेरणी झाल्यावर बघायचाय. सोलापूर, बार्शी, पंढरपूर या पट्ट्यात डीलर सोडून कुणी इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये भरून देतं का? ट्रकचं काम करणाऱ्यांकडे असतं असं ऐकलंय. कुणाचा अनुभव असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोन नंबर इथे टाकू नका.