मदत हवी आहे: ३ इंची नळीच्या पर्कशन रिव्हॉल्व्हरची ठासणी, टोप्या आणि पाचर

हडसर
नमस्कार मंडळी. मुक्काम टेक्सास. १८६० च्या कोल्ट आर्मी या पर्कशन (काडतुसाऐवजी सुटी दारू, गोळी आणि टोपी भरून चालणाऱ्या) रिव्हॉल्व्हरची इटालियन प्रतिकृती आहे. कॅलिबर .४४, सहा घरांचा सिलिंडर, पोलादी फ्रेम, नळी फक्त ३ इंच आणि ठासणीचा दांडा नाही. दारू ३एफ (बारीक दाण्याची) ब्लॅक पावडर, गोळी .४५१ ची गोल, टोप्या (घोड्याच्या फटक्याने दारू पेटवणाऱ्या) ११ नंबरच्या. अडचणी अशा:

१) नळी उतरवून गोळी हातातल्या गजाने दाबावी लागते. ती तिरकी जाते आणि शिशाची कडी एकाच बाजूने कातरली जाते.
२) पहिले सहा बार ठीक. पुढे घोडा ओढताना फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या फटीत पडतो आणि घोडा पूर्ण आपटत नाही.
३) पाचर (नळी जागेवर धरणारी) ठोकली की सिलिंडर अडतो, सैल ठेवली की नळी हलते. किती ठोकायची?
४) रेंजवर ३० ग्रेन भरा म्हणतात. एवढ्या आखूड नळीला तेवढी दारू लागते का?

शिवाय, सुट्टीत भारतात नेता येईल का असं घरून विचारलं आहे. कायदा कोणाला नेमका माहीत असेल तर सांगा. आगाऊ धन्यवाद.

केपवाला
आधी १ आणि ४. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरा प्रश्न ठासणीचा असतो. दांडा नसेल, किंवा ५ इंची शेरीफ मॉडेलसारखा तोकडा असेल, तर तरफेचा जोर मिळत नाही. हातातल्या गजाने गोळी सरळ जाणं जवळजवळ अशक्य आहे. सिलिंडर काढून ठासायचा स्टँड घ्या. खाली सिलिंडर बसायला खुंटी, वर दांडा आणि दट्ट्या, एवढंच यंत्र असतं. दट्ट्याचं तोंड गोळीच्या गोलाईचं हवं. सपाट असेल तर गोळी चेपते.

.४५१ सोडा, .४५४ वापरा. पण आधी कॅलिपरने घरांची तोंडं मोजा. गोळी त्यापेक्षा निदान ०.००४ ते ०.००५ इंच मोठी हवी. ठासताना शिशाची अखंड, बंद कडी निघाली तर गोळी घराच्या भिंतीला सर्व बाजूंनी घट्ट बसली. कडी तुटकी निघाली तर त्या फटीतून शेजारच्या घराची ज्वाळा आत जाऊ शकते आणि एकाच वेळी दोन-तीन घरं उडतात. म्हणून तुमच्या चार प्रश्नांत हा पहिला सोडवा, तोवर बार काढू नका. शिसं शुद्ध आणि मऊ हवं, नखाने ओरखडा उठला पाहिजे. चाकांच्या वजनांचं मिश्र शिसं टणक असतं, त्याला जोर फार लागतो.

क्रम असा ठेवा. घरं आणि निपल (घरामागचं पोकळ टोक, ज्यावर टोपी बसते) तेलविरहित पुसा. दारू न भरता प्रत्येक निपलवर एक टोपी उडवा, म्हणजे भोकातलं उरलेलं तेल जळतं. नळीपुढचं गवत हललं तर वाट मोकळी आहे. मग सिलिंडर उतरवून स्टँडवर लावा. दारू वेगळ्या मापात घेऊन घरात ओता. फ्लास्कमधून थेट घरात कधीही ओतू नका. आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा फ्लास्क हातात फुटेल. त्यावर मेण-चरबी लावलेली नमद्याची चकती, मग गोळी. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे, मध्ये पोकळी नको, आणि तिचा माथा सिलिंडरच्या तोंडाच्या आत राहिला पाहिजे. बाहेर राहिला तर तो नळीला घासून सिलिंडर अडवतो.

टोप्या सर्वांत शेवटी. सिलिंडर जागेवर, नळी लावलेली, पाचर बसलेली, तोंड निशाणाकडे, आणि मगच टोप्या. ठासलेला सिलिंडर टोप्यांसकट सुटा कधीच ठेवू नका. निपलवर पडला तर तो उडतो.

तुमच्या ३ इंचांना २० ते २२ ग्रेन पुष्कळ झाले, मापाने, वजनाने नाही. ३० ग्रेन भरलेत तर जास्तीची बरीच दारू नळीबाहेर जळते. आगीचा लोळ मोठा, वेग जेमतेम वाढतो, आणि मागे येणारा दाब टोप्या जास्त फोडतो. हे तुमच्या दुसऱ्या अडचणीशी जोडलेलं आहे. ट्रिपल सेव्हन (ब्लॅक पावडरऐवजी वापरायची दारू) वापरत असाल तर माप १५ टक्क्यांनी कमी. धूरविरहित दारूचा एक दाणाही नको, सिलिंडर फुटेल.

सांबरशिंग
केपवाल्यांशी सहमत. भर एवढीच की २० ग्रेन भरले की घर अर्धं रिकामं राहतं आणि गोळी खोल जाते. नळीपर्यंत तिला मोकळी उडी मारावी लागते, नेम बिघडतो. दारूवर बारीक रवा घाला, कोरडा आणि न भाजलेला, साधारण १० ग्रेनच्या मापाचा, आणि मग गोळी. ती घराच्या तोंडाजवळ येते. रवा घातलात तर चकती त्याच्या वर, गोळीच्या खाली. मक्याचं पीठही चालतं, पण दमट हवेत गोळा होतं.

पाणवठा
कोकणात ठासणीच्या बंदुकीत चिंधी घालून गजाने ठासतात. इथेही गोळीभोवती कापड लागेल का?

केपवाला
@पाणवठा, नाही. त्या बंदुकीत माल तोंडाकडून भरतात, तो नळीत सैल असतो आणि चिंधी तो जागेवर धरते. इथे गोळी घरापेक्षा मोठी असते आणि कातरत आत जाते, तीच बूच आहे. कापड घातलं तर शिशाची घट्ट पकड जाईल आणि धुमसणारा तुकडा सिलिंडर-नळीच्या फटीत अडकेल.

आर्बरपंडित
पाचरीवर मी लिहितो, कारण हातोडीने ठोकत बसून लोक चांगलं रिव्हॉल्व्हर खराब करतात.

कोल्टच्या या घडणीत फ्रेमला सिलिंडरवरून जाणारा पट्टा नसतो. सिलिंडर ज्या आर्बरवर फिरतो त्याचं टोक नळीच्या खालच्या भोकात तळाला टेकायला हवं. काही प्रतिकृतींत आर्बर तोकडा पडतो. मग पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी मागे ओढली जाते आणि सिलिंडरला घासते. तुमची नेमकी तक्रार हीच आहे. तपासणी दोन मिनिटांची: रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री करून सिलिंडर काढा. नळी थोडी फिरवून, तिचा खालचा भाग फ्रेमपासून बाजूला ठेवून, आर्बरवर टेकेपर्यंत ढकला. आता ती हळूच सरळ फिरवत फ्रेमसमोर आणा. खालचा भाग फ्रेमच्या तोंडाला अलगद स्पर्शत सरळ आला तर आर्बर बरोबर. फ्रेमच्या कडेवर अडला तर जितका अडला तितका आर्बर कमी. तेवढ्या जाडीची पोलादी चकती भोकाच्या तळाशी बसवा. चकती चढती जाड करत न्या. जाड झाली तर घासून कमी करता येते.

हे झालं की पाचर अंगठ्याने दाबून, फार तर लाकडी मुठीच्या हलक्या टोल्याने बसते. सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजने ०.००६ इंचांच्या आसपास मिळाली की पुरे. तुम्हाला दर फेरीला नळी उतरवावी लागते, तेव्हा पाचर आणि तिची भोकं पुसून थोडी चरबी लावत जा. आर्बरलाही चरबी भरपूर, कारण राख आधी तिथेच चिकटते.

टोपीशास्त्री
टोपीचे तुकडे तीन कारणांनी पडतात. एक, निपलचं भोक जळून मोठं झालेलं असतं. स्फोटाचा दाब मागे येऊन घोडा क्षणभर उचलतो आणि टोपी फाटून उडते. निपल बदला, स्लिक्स-शॉटसारख्या निपलना दाब सोडायला बाजूला बारीक भोक असतं, त्यांचा चांगला उपयोग होतो. दोन, घोड्याच्या तोंडावर सुरक्षेसाठी खाच असते. तिच्या कडा धारदार असतील तर त्या टोपीला पकडून निपलवरून ओढून काढतात. बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करा, खाच मात्र भरू नका. तीन, टोपीचा आकार. ११ नंबर सैल बसत असेल तर १० नंबर घ्या. चिमटून बसवलेली टोपी तात्पुरती चालते, पण हादऱ्याने गळते आणि मागून ज्वाळा आत जायची वाट उघडी राहते.

टोपी बसली कशी हे बघायचं तर बाजूने उजेडात बघा. तिचा तळ निपलच्या माथ्याला टेकला नसेल तर घोड्याचा पहिला फटका तिला खाली बसवण्यातच जातो, बार होत नाही. लाकडी काठीने दाबा, घोड्याने कधीच नाही.

घोडा ओढताना नळी वर करणं ही जुनी युक्ती चालते, पण अनेक रेंजवर ते मना असतं. मग रिव्हॉल्व्हर उजवीकडे कलता करून ओढा, तुकडा बाहेर पडतो. आणि सहाच्या जागी पाचच घरं भरा, घोडा रिकाम्या घरावर. दोन निपलांच्या मधे घोडा टेकवायला असलेल्या खुंट्या लवकर झिजतात, त्यांच्यावर विसंबू नका.

हडसर
सर्वांचे मनापासून आभार. आर्बर तपासला, साधारण एक मिलिमीटर कमी आहे. .४५४ च्या गोळ्या मागवतो. भारताचं तेवढं कोणीतरी सांगा.

कलमबहादूर
अमेरिकेच्या १९६८ च्या फेडरल कायद्यात अशी प्रतिकृती 'अँटिक' (बंदुकांच्या नियमांतून सूट असलेली) ठरते, आणि टेक्सासची व्याख्याही तशीच आहे. न्यू जर्सीत मात्र तीच हँडगन धरली जाते आणि खरेदीला परवाना लागतो. राज्य बदलण्याआधी तिथला नियम बघा. काडतुसं चालवणारा कन्व्हर्जन सिलिंडर बसवलात तर ही सूट राहत नाही.

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम असा फरक करत नाही. स्फोटाने गोळी फेकणारं ते अग्निशस्त्र. सूट आहे ती फक्त वापरण्याजोग्या न राहिलेल्या जुन्या शस्त्रांना, आणि तुमचं बार काढणारं आहे. परवान्याशिवाय सामानात नेलंत तर विमानतळावरच गुन्हा दाखल होईल. दारू आणि टोप्या तर अमेरिकेतून विमानात चढवताच येत नाहीत, चेक-इन सामानातही नाही. तेव्हा नेऊ नका.

सांबरशिंग
@हडसर, आर्बरची चकती बसवल्यावर पहिल्या दिवशी निशाण २५ यार्डांऐवजी १० वर लावा. कोल्टचा मागचा नेम घोड्यावरच्या खाचेतून असतो आणि गोळ्या बहुधा वर जातात. आखूड नळीत तर जास्तच. आणि साफसफाई त्याच संध्याकाळी, गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने. निपल काढून. राख हवेतलं पाणी शोषते, सकाळपर्यंत गंज धरतो. कोरडं करून निपलच्या आट्यांना ग्रीस लावूनच परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी निघणार नाहीत.