फेसबुकसमोर नवीन मराठी ॲप टिकंल का?

उदगीरकर:
माझा मामेभाऊ आन त्याचे दोन दोस्त पुण्यातल्या नोकऱ्या सोडून लातूरला आलेत, फेसबुकसारखंच पण सगळं मराठीत असं ॲप बनवायलेत. सोयाबीनचे आलेले पैसे त्यातच गेले म्हणून मामा रोज फोन करून मलाच विचारायलेत हे चालंल का. काय सांगू?

मोंढ्यातला:
अवघड हाय भाऊ. आमच्या गावात ग्रामपंचायतीनं बाजारासाठी पत्रे टाकून ओटे बांधले, तिथं आता शेळ्या बसतात. भाजीवाल्या रस्त्याकडंलाच, कारण गिऱ्हाईक तिथं, आन गिऱ्हाईक तिथं का तर भाजीवाल्या तिथं. गूगलकडं काय पैसा कमी होता का, २०११ ला फेसबुकसारखंच गूगल प्लस काढलं, २०१९ ला गुंडाळलं.

जालन्याची ताई:
कू विसरलात का, ते ट्विटरसारखं देशी ॲप? मंत्री-संत्री सगळे आले होते, मी पण खातं काढून चार दिवस पोस्टी टाकल्या, बघायला कोण नाही. जुलै २०२४ मध्ये बंद. नुसतं मराठी आहे म्हणून कोणी येत नाही हो, व्हॉट्सॲपवर पण मराठीच टाईप करतो की आपण.

परभणीवाला:
मग फेसबुकच्या आधी सगळे ज्याच्यावर होते ते ऑर्कुट कसं गेलं? आमच्या कॉलेजात सगळे त्याच्यावरच, एकमेकाच्या पानावर टेस्टिमोनियल म्हणजे कौतुकाच्या ओळी लिहायचो (आठवलं की लाज वाटती). फेसबुक बी २००४ चंच, पण पहिलं फक्त हार्वर्डच्या पोरांपुरतं, मग एकेक कॉलेज धरत गेलं.

मोंढ्यातला:
आन कोणी वाढलंच तर फेसबुकवाले विकत घेतेत. २०१२ ला इन्स्टा घेतलं, २०१४ ला व्हॉट्सॲप. तुमचा मामेभाऊ तसा विकला गेला तर मामाची काय हरकत नसंल 😀

उदगीरकर:
चेष्टा नका करू राव, मामा सिरियस हायत.

परभणीवाला:
सगळ्यांसाठी काढू नको म्हणा. लातूरात नीट परीक्षेच्या क्लाससाठी बाहेरगावची किती पोरं राहतेत, मेस कोणती चांगली, रूम कुठं रिकामी, जुन्या नोट्स कोण विकायलंय, हे सगळं पन्नास ग्रुपात विखुरलेलं आन दोन दिवसात वर सरकून जातंय, शोधलं तर सापडत नाही. तेवढंच नीट करा. पोरं दरवर्षी नवीन येतेत, त्यांना जुन्या ग्रुपची सवय बी नसती.

उदगीरकर:
सांगितलं त्याला. म्हणला, एवढंसं करायला नोकरी सोडली का मी. आन रात्री एकला परत फोन, क्लासच्या गल्लीत मेस किती असतील म्हणून.