अँटी-फेडरलिस्टला मराठीत काय म्हणावं?

दौतटाक: अमेरिकी राज्यघटनेवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. नव्या घटनेचा मसुदा मंजूर करायला ज्यांचा विरोध होता ते अँटी-फेडरलिस्ट. 'संघविरोधी' लिहिलं तर वाचकाला त्यांच्यातला पॅट्रिक हेन्री दिसणार नाही, नागपूर दिसेल. दुसरा शब्द?

खवचट: 'संघराज्यविरोधी' करा की.

तेरा राज्ये: अर्थ उलटा होतो. राज्यांचा सैल संघ १७८१पासून होताच आणि या विरोधकांतल्या बहुतेकांना तोच थोडा डागडुजी करून हवा होता. फेडरल मुळात लॅटिन 'फोएडस'वरून, म्हणजे तह. त्या हिशेबाने खरे 'तहवाले' हेच! पण बळकट केंद्र मागणाऱ्यांनी फेडरलिस्ट ही पाटी आधीच आपल्या दाराला ठोकली आणि यांच्या वाट्याला नुसतं 'अँटी' आलं.

खवचट: मग 'राज्यवादी'.

तेरा राज्ये: निम्मंच बसतं. 'ब्रूटस' या टोपणनावाने लिहिणाऱ्याचा रोख केंद्राचे कराधिकार, शांततेतली खडी फौज आणि 'आवश्यक व उचित' कायद्यांचं कलम यांवर होता. त्यांच्यातल्याच जॉर्ज मेसनने मसुद्यावर सही नाकारली. त्याच्या आक्षेपांत पहिलाच, हक्कांची सनद नाही हा. यात राज्यवाद कुठे आला?

मायबोलीकैवारी: त्याआधी रॅटिफिकेशनचं, म्हणजे राज्यांनी घटना मंजूर करण्याचं बघा. 'अनुसमर्थन' हे दिल्लीहून आलेलं बोजड प्रकरण. आपलं 'शिक्कामोर्तब' असताना?

खवचट: आपलं? शिक्काही अरबी, मोर्तबही अरबी.

तेरा राज्ये: अडचण वेगळीच आहे. शिक्कामोर्तब वरून खाली होतं. इथे फिलाडेल्फियातला मसुदा राज्यांकडे गेला, तिथे विधिमंडळांनी नव्हे तर खास निवडलेल्या परिषदांनी मतं दिली. १३पैकी ९ राज्यं पुरेशी. शिवाय अटींचा घोळ. मॅसॅच्युसेट्सने दुरुस्त्या सुचवून १८७ विरुद्ध १६८ने होकार दिला. न्यूयॉर्कमध्ये ठरावातलं 'या अटीवर' काढून 'या पूर्ण भरवशाने' घातलं, तेव्हा कुठे ३० विरुद्ध २७ जमलं. शिक्कामोर्तब कधी अटीवर होतं का? 'अनु' म्हणजे मागाहून; शब्द बोजड आहे, पण चोख आहे.

मायबोलीकैवारी: चोख असेल, पण वाचणार कोण? 'मान्यता' लिहा.

दौतटाक: मान्यतेवरून आठवलं. अँटी-फेडरलिस्टांतलाच एल्ब्रिज गेरी १७८९मध्ये प्रतिनिधिगृहात म्हणाला की खरी नावं 'रॅट' आणि 'अँटी-रॅट' हवी होती. रॅटिफाय करणारे ते रॅट, म्हणजे उंदीर. हा श्लेष कसा आणणार?

खवचट: 'मान्यवर' आणि 'अमान्यवर'.

तेरा राज्ये: उंदीर निसटला, टोमणा राहिला. घ्या!

दौतटाक: आणि 'संघविरोधी'चं काय?

मायबोलीकैवारी: थांबा हो. शिक्का पुल्लिंगी, मोर्तब नपुंसकलिंगी. मग शिक्कामोर्तब 'झाला' की 'झालं'?

खवचट: झालं. शिक्का जुन्या पत्राच्या माथ्यावर, मोर्तब म्हणजे समाप्तीची मुद्रा, ती शेवटी. शेवटी जे येतं त्याचं लिंग.

मायबोलीकैवारी: हा नियम कुठला?