मदत हवी आहे: फायब्रॉइडमुळे रक्त कमी, गोळ्या घेऊनही टिकत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही दापोलीजवळचे. प्रश्न माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, वय ४४. आंब्याच्या दिवसांत बागेचा चढ चढताना धाप लागायची, म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.६. सोनोग्राफीत गर्भाशयात ४ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ. खोदून विचारल्यावर कळलं की पाळी आठ-नऊ दिवस चालते, गुठळ्या पडतात. आमच्याकडे 'अंगावरून जास्त जातंय' हे बायका एकमेकींनाही सांगत नाहीत, पुरुषांचं तर सोडाच.

लोहाच्या गोळ्या घेतल्या की आकडा ९ च्या वर जातो, थांबवल्या की खाली. बीट, खजूर, तिसऱ्या (शिंपले) सगळं चालू आहे. एक डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, दुसरे म्हणतात आधी रक्त वाढवा. सासूबाईंचं म्हणणं, पाळी गेली की गाठही जिरेल. शेजारच्या काकूंची गाठ नारळाएवढी होती, त्यांना काहीच त्रास नव्हता. मग एवढ्याशा गाठीने इतकं रक्त जातं? पिशवी काढायला जाऊबाई तयार नाहीत. दुसरा काही मार्ग?

प्रतिसाद:
ताई, आकारापेक्षा जागा बघा. गाठ आतल्या पोकळीत आली असेल तर लहान असूनही खूप रक्त घालवते, बाहेरच्या अंगाची मोठी गाठ गप्प बसते. रिपोर्टमध्ये 'सबम्युकोसल', म्हणजे आतल्या पोकळीकडची, असं लिहिलंय का? तशी असेल तर बऱ्याचदा दुर्बिणीने खालूनच काढता येते, पिशवी राहते. स्राव कमी करायला ट्रानेक्झामिक ॲसिड किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, हेही विचारा. चाळिशीनंतर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यायला सांगतात, ते टाळू नका.

गोळ्या आकडा नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने लागतात, साठा भरायला. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. चहाबरोबर गोळी नको, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोटाला झेपत नसतील तर शिरेतून लोह देतात.

सासूबाई चूक नाहीत, पाळी गेल्यावर गाठ बहुधा आक्रसते. पण त्याला अजून पाच-सहा वर्षं लागली तर? आणि तासाला पॅड भिजायला लागलं किंवा चक्कर आली तर दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ती:
खूप आभार. रिपोर्टात सबम्युकोसलच लिहिलंय. दुर्बिणीने अशी गाठ काढून घेतलेलं कोणी आहे का इथे? रत्नागिरीत होतं, की कोल्हापूरला जावं लागेल?