मदत हवी आहे: कुस्कोहून माचू पिच्चू, बसने की ट्रेनने?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई आणि मी पेरूला जातोय. माचू पिच्चू बघायचं आईच्या मनात फार वर्षांपासून आहे, त्यामुळे ही सहल नीट पार पडावी असं मनापासून वाटतं.

अडचण रस्त्याची आहे. माचू पिच्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावाला बाहेरून गाडीरस्ताच नाही. कुस्कोहून मिनीबस सहा-सात तासांत हिद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्राजवळच्या थांब्यापर्यंत सोडते, पण वाटेत ४,३०० मीटरवरची आब्रा मालागा खिंड लागते आणि पुढे रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालायचं. आईला आंबेनळी घाटातसुद्धा मळमळतं. आलेपाकाची वडी गालात धरून, खिडकीच्या दांडीला घट्ट धरून बसते बिचारी. गुडघेही आता पूर्वीसारखे नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे ओयान्तायताम्बो या वाटेतल्या गावापर्यंत गाडीने आणि तिथून ट्रेन. हा बराच महाग पडतो, पण मला तोच बरा वाटतोय.

कोणी ज्येष्ठांना घेऊन मिनीबसने गेलं आहे का? हिद्रोएलेक्त्रिकाहून चालण्याऐवजी ट्रेन घेतली तर जमतं का? आग्वास कालिएन्तेसहून वर जाणाऱ्या बसला पहाटे रांगेत किती वेळ उभं राहावं लागलं? आणि कुस्को स्वतःच ३,४०० मीटरवर आहे, तर तिथे आधी किती दिवस थांबलात? की उतरल्यावर थेट ओयान्तायताम्बोला, म्हणजे थोडं खाली, मुक्काम करावा?

प्रवेशाचं तिकीट अजून काढलेलं नाही, मार्ग ठरला की लगेच काढणार आहे. तुमचा अनुभव जरूर सांगा.