अनुभव धागा : परमुलखात सांगितलेल्या आपल्या गोष्टी

जुलै २०२४मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. लेस्टरहून सुट्टीला आलेल्या भाच्याला घेऊन मी रांगेत. काचेपुढं पोचल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, हीच का ती?" आता काय सांगू? ती ग्रँट डफकडं, म्हणजे आपल्या साताऱ्याच्याच रेसिडेंटकडं (दरबारी नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीकडं) होती, पण प्रतापगडावर १६५९ला वापरलेली हीच, याची खात्री लंडनचं संग्रहालयही देत नाही. म्हटलं, "आधी बघ तर." बघून म्हणाला, "लहान आहेत गं. आम्ही शिवजयंतीला पुठ्ठ्याची करतो ती मोठी असतात."

तुमच्याकडं या गोष्टी कशा सांगतात? लिहा.

वाईकर, मुक्काम म्युनिकजवळ
दिवाळीत किल्ला करतो, बाल्कनीत. माती कुंडीची, विकत आणलेली (आमच्या अण्णांना हे सांगितलं तर जेवणार नाहीत). हळीव कुठून आणायचं म्हणून आठवडाभर शोधलं, तर इथं सुपरमार्केटात क्रेस म्हणून मिळतं ते बी म्हणजे आपलं हळीवच! थंडीमुळं ते घरात हीटरजवळ उगवून मग गडावर लावलं. मावळे कमी पडले तेव्हा शेजारच्या पोरानं त्याचे चिलखतवाले सरदार दिले. ते गडाचे पहारेकरी झाले.

शेजारच्या आजींना हिरकणी सांगितली. त्या म्हणाल्या, "दरवाजा उघडायला हवा होता." मी म्हटलं, नियम होता. जर्मन माणसाला हे लगेच पटलं.

मिरजेची, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, टोरोंटो
तानाजी सांगताना घोरपडीवर वर्ग अडला. एका मुलीनं वजनाचं गणितच मांडलं. सभासदाच्या बखरीत मावळे वानरासारखे कडा चढले एवढंच आहे, घोरपड नाही. तेही सांगितलं. तरी नाटकात पोरांना घोरपडच हवी होती, आणि ते काम त्याच मुलीनं मागून घेतलं.

विट्याचा गलाईवाला
आमचा परदेश म्हणजे तमिळनाडू. वडील सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात इकडं आले, माझी पोरं तमिळच बोलतात. पण आम्हाला एक सोय आहे जी टोरोंटोला नाही : जिंजी. महाराजांनी १६७७ला घेतलेला गड, पुढं राजाराम महाराज तिथूनच राज्य चालवत होते. पोरांना पायऱ्या चढायला लावतो. धाकटा धापा टाकत तमिळमध्ये म्हणाला, "एवढं चढून आले, मग परत का गेले?" आम्हीही दर जत्रेला गावी पळतो, त्याला काय उत्तर देणार!

कराडकर, दुबई
१९ फेब्रुवारी की तिथीनं, हा वाद आमच्याकडं मिटलाय. हॉल स्वस्त मिळेल तो शनिवार.

वाईकर, पुन्हा
मिरजकर ताई, घोरपडीचा पोशाख कशाचा केला? आमच्याकडं पुढच्या महिन्यात लागणार आहे.